विंचवाचें विष आणि रक्तदाबाचें औषध

औषधाला लोक बहुधा रोगाच्या नांवानें ओळखतात. ही गोळी तापाची, ती खोकल्याची, तिसरी रक्तदाबाची, अशी घरोघरीं वांटणी झालेली असते. परंतु औषधाला रोगाचें नांव ठाऊक नसतें. शरीरांत तें ठराविक कार्य करतें, इतकेंच. हा भेद ओळखल्यामुळें कोकणांत कित्येक जीव वांचले आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यांत जांभ्या दगडाच्या गडग्यांत, पेंढ्याच्या उडवींत, लाकूडफाट्याच्या राशींत तांबडा विंचू दडून असतो. त्याचा दंश झाला म्हणजे मंत्र आणि झाडपाला यांवर विसंबण्याचा जुना प्रघात. पुष्कळ रोगी बरे होत आणि श्रेय मंत्रास मिळे. वस्तुतः ज्यांना नुसताच ठणका लागे, ते आपोआपच बरे व्हावयाचे. ज्यांच्या हृदयावर विषाचा घाला पडे, आणि त्यांत मुलें विशेष असत, त्यांचा काळ मात्र मंत्र ऐकण्यांत निघून जाई.

या विषानें मज्जातंतू अनावर होतात आणि ॲड्रिनलिन व त्याच्या जातीचीं द्रव्यें रक्तांत लोटलीं जातात. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात. आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकतें आणि अखेर फुप्फुसांत पाणी सांचतें.

शेजारच्या रायगड जिल्ह्यांत डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं हीं लक्षणें टिपलीं. रक्तदाबावर दिलें जाणारें प्राझोसिन हें औषध वाहिन्यांवरील ॲड्रिनलिनचा मारा अडवितें आणि त्या सैल करतें. त्यांनीं तेंच विंचूदंशावर योजिलें. त्याविषयींचा त्यांचा लेख १९८६ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गंभीर रोग्यांत पूर्वी शेंकडा चाळीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण या उपचारानें एकाच्या आसपास आलें. पुढें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, प्राझोसिनच्या जोडीस विंचवाचें प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, असें आढळलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

यावरून आजोबांच्या डब्यांतील गोळी नातवास द्यावी, असा अर्थ कोणीं काढूं नये. मात्रा वजनावर ठरते, रोग्यास निजवून ठेवावें लागतें आणि हातपाय उबदार होईपर्यंत ठराविक अंतरानें तें औषध पुनः द्यावें लागतें. पहिल्याच मात्रेनें रक्तदाब एकाएकीं उतरण्याचा संभव असतो. हें काम वैद्यकीय देखरेखींतच व्हावयाचें.

घरच्यांचें काम निराळें आहे. ठणका थोडा म्हणून भय थोडें, असें समजूं नये. कित्येकदां गंभीर रोग्यास वेदना कमीच असतात. घाम, वांती आणि गार हातपाय दिसतांच, किंबहुना मूल असल्यास तीं दिसण्याची वाटही न पाहतां, जवळचा दवाखाना गांठावा. तेथील गोळी स्वस्त असते. महाग असतो तो गेलेला वेळ.