दहा जागांचा जमाखर्च

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सीमेवरच्या गावात राजकारणाची चर्चा निघाली, की एक प्रश्न हटकून विचारला जातो. मूठभर माणसे विधिमंडळात पाठवून काय साधणार? ती विरोधात बसली तर त्यांचे कोणी ऐकत नाही. आणि मोठ्या पक्षाच्या पंगतीला जाऊन बसली तर ती विकली गेली, असे आपणच म्हणतो. म्हणजे लहान पक्ष सत्तेबाहेर राहिला तरी दोष, आणि सत्तेत गेला तरी दोष! या प्रश्नाचा निकाल केवळ तर्काने लागत नाही. त्याला अनुभवाचा पुरावा लागतो. म्हणून आज आम्ही आपणांस आयर्लंडात घेऊन जाणार आहोत. त्या देशाच्याही अंगावरून एक सीमा गेली आहे. त्या सीमेचे दुःख उराशी बाळगणारा तेथील एक लहान पक्ष १९४८ साली संयुक्त सरकारात शिरला आणि तीन वर्षांनी निवडणुकीत भुईसपाट झाला. पराभूतांचे वकीलपत्र सहसा कोणी घेत नाही. आज ते आम्ही घेत आहोत.

या पक्षाचे नाव क्लॅन ना पोब्लाख्त, म्हणजे प्रजासत्ताकाचे कुल. आपण त्याला सोयीसाठी क्लॅन म्हणू. त्याची स्थापना १९४६ सालची. नेते होते शॉन मॅकब्राइड. त्यांच्या वडिलांना १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी गोळ्या घालून ठार केले होते. मॅकब्राइड स्वतः तरुणपणी आयरिश रिपब्लिकन आर्मीत होते. पुढे त्यांनी बंदूक ठेवून वकिली धरली. त्या वेळी डी व्हॅलेरा यांचा फिआना फॉइल पक्ष १९३२ पासून सलग सोळा वर्षे राज्य करीत होता. ऑक्टोबर १९४७ च्या पोटनिवडणुकांत क्लॅनने दोन जागा जिंकल्या. हे रोपटे वाढण्यापूर्वीच उपटावे, म्हणून डी व्हॅलेरा यांनी सार्वत्रिक निवडणूक लवकर उरकून घेतली. फेब्रुवारी १९४८ मध्ये निकाल लागला. क्लॅनला सुमारे १३ टक्के मते पडली, पण १४७ पैकी जागा मिळाल्या अवघ्या १०.

तथापि डी व्हॅलेरा यांनाही बहुमत मिळाले नाही. तेव्हा फिन गेल, मजूर पक्ष, त्यातून फुटलेला राष्ट्रीय मजूर पक्ष, शेतकऱ्यांचा एक पक्ष, क्लॅन आणि काही अपक्ष असे सर्व एकत्र आले आणि संयुक्त सरकार बनले. तेरा मंत्र्यांत क्लॅनचे दोघे होते. मॅकब्राइड यांच्याकडे परराष्ट्र खाते आले आणि डॉक्टर नोएल ब्राउन यांच्याकडे आरोग्य खाते. ब्राउन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, आणि सभागृहात पाऊल ठेवले त्याच दिवशी ते मंत्री झाले.

पहिला आक्षेप येथेच घेतला जातो. १९२२-२३ च्या यादवीत ज्या पक्षाच्या लोकांनी प्रजासत्ताकवाद्यांना देहदंड दिले, त्याच फिन गेलच्या मांडीला मांडी लावून हे बसले, हा तत्त्वद्रोह नव्हे काय? आक्षेप भावनेला धरून आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वस्तुस्थिती पाहा. फिन गेलचे नेते रिचर्ड मुल्काही हे यादवीच्या काळातील सेनापती. त्यांच्या हाताखाली काम करणे क्लॅनला अशक्य होते, आणि तसे त्यांनी साफ सांगितले. शेवटी सर्वांत मोठ्या भागीदार पक्षाच्या नेत्याला बाजूला व्हावे लागले आणि जॉन कॉस्टेलो पंतप्रधान झाले. पंतप्रधान कोणी व्हावे हे दहा सभासद ठरवू शकत नव्हते. कोणी होऊ नये, हे मात्र त्यांनी ठरविले. शिवाय काल शस्त्र हाती घेणारे लोक आज सभागृहात बसून अंदाजपत्रकावर मते देऊ लागले, ही लोकशाहीची लहान कमाई नव्हे.

आता जमेची पहिली मोठी बाब पाहू. तीस लाखांच्या आत लोकवस्ती असलेल्या त्या देशात त्या काळी क्षयरोगाने दरसाल तीन हजारांहून अधिक माणसे मरत. घरात क्षय शिरला की लोक तो लपवीत. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी दार लावतील, ही धास्ती. ज्या जुन्या मंडळींनी मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय पाहिले आहे, त्यांना या भीतीचे निराळे वर्णन करावयास नको. ब्राउन यांचे आईवडील याच रोगाने गेले. ते स्वतःही त्यातून उठले होते. त्यामुळे हे खाते म्हणजे त्यांच्या घरचे दुःख होते. शर्यतींच्या सोडतीतून रुग्णालयांसाठी जमलेला मोठा निधी देशात पडून होता. त्याचे व्याज तेवढे खर्चावे, हा सावध लोकांचा रिवाज. ब्राउन यांनी मूळ रकमेलाच हात घातला. रिकाम्या इमारती ताब्यात घेतल्या, दुरुस्त केल्या आणि दोन वर्षांत सुमारे दोन हजार जादा खाटा उभ्या केल्या. लोकांच्या छातीची क्ष-किरण तपासणी आणि बी.सी.जी. लस यांची मोहीम देशभर नेली.

टीकाकार म्हणतात, यात ब्राउन यांचे काय? क्षयरुग्णालयांचा कायदा १९४५ सालीच झाला होता, योजना डॉक्टर जेम्स डीनी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आखून ठेवली होती, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शोधले. हा मंत्री म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा! यातील प्रत्येक विधान वेगवेगळे घेतले तर खरे आहे. निष्कर्ष मात्र खोटा आहे. योजना कागदावर होती, खाटा कागदावर नव्हत्या. औषध शोधणारा निराळा आणि ते रोग्याच्या उशाशी पोहोचविणारा निराळा. दोघांवाचूनही रोगी मरतो. दप्तरात योजना तयार असणे हे सरकारांच्या बाबतीत नवल नाही. ती दप्तरातून उठवून इमारतीपर्यंत नेणारा हात दुर्मीळ असतो. तो हात त्या वेळी क्लॅनचा होता, एवढेच आमचे म्हणणे आहे. पण तेवढे मान्य केलेच पाहिजे.

दुसरी बाब प्रजासत्ताकाची. १९३६ च्या एका कायद्यान्वये आयर्लंडच्या परराष्ट्रव्यवहारात इंग्लंडच्या राजाचे नाव शिल्लक उरले होते. ते पुसून टाकावे, ही क्लॅनची मागणी. सप्टेंबर १९४८ मध्ये कॉस्टेलो यांनी कॅनडात हा कायदा रद्द करण्याचा निर्धार जाहीर केला. डिसेंबरमध्ये नवा कायदा झाला, आणि १८ एप्रिल १९४९ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, आयर्लंडचे प्रजासत्ताक अंमलात येऊन तो देश राष्ट्रकुलातून बाहेर पडला. त्याच महिन्यात लंडनच्या परिषदेत भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याचा मार्ग काढला. दोघांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. विधेयक मांडणारे कॉस्टेलो होते, आणि त्यांचे श्रेय आम्ही हिरावून घेऊ इच्छीत नाही. परंतु फिन गेल हा राष्ट्रकुलाशी जुळवून घेणारा पक्ष म्हणून ओळखला जात होता. शेजारी मॅकब्राइड बसलेले नसते, तर तो पक्ष सत्तेच्या पहिल्याच वर्षी या वाटेने गेला असता, असे आम्हांस वाटत नाही. लहान भागीदाराचे काम पुष्कळदा असेच असते. सही दुसऱ्याची असते. पण कागद पुढे सरकविणारा तो असतो.

तिसरी बाब फारशी कोणी सांगत नाही. युरोपच्या मानवी हक्क करारावर नोव्हेंबर १९५० मध्ये रोम येथे आयर्लंडतर्फे सही केली ती मॅकब्राइड यांनी. त्या करारान्वये स्थापन झालेल्या न्यायालयापुढे पहिला खटला आला तो लॉलेस नावाच्या आयरिश स्थानबद्धाचा, आणि तो आयर्लंडच्याच सरकारविरुद्ध होता. स्थानबद्धाचे वकील होते तेच मॅकब्राइड! मंत्री म्हणून ज्या करारावर सही केली, त्याचाच आधार घेऊन पुढे नागरिकाची बाजू मांडणारा पुढारी विरळा. १९७४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बंधुभगिनींनो, वकीलपत्र घेतले म्हणून खर्चाची पाने फाडून टाकण्याचा अधिकार आम्हांस मिळत नाही. ज्या प्रश्नासाठी क्लॅनचा जीव तळमळत होता, त्या सीमेच्या प्रश्नावर हे सरकार हरले. नुसते हरले नाही, तर गाठ अधिक घट्ट झाली. आयर्लंड राष्ट्रकुलाबाहेर जाताच ब्रिटिश पार्लमेंटने १९४९ साली कायदा केला, की उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून तो मुलूख ब्रिटनपासून वेगळा होणार नाही. फाळणीच्या निषेधार्थ आयर्लंडने नाटो करारात जाण्याचे नाकारले. तरीही सीमा तसूभर हलली नाही. सीमाप्रश्न जगाच्या वेशीवर टांगण्यासाठी मॅकब्राइड यांनी एक वृत्तसंस्था काढली. तीही १९५७ साली बंद पडली. पुढे १९९८ च्या बेलफास्ट करारात उत्तरेतील बहुसंख्य जनतेची संमती हाच निकष दोन्ही बाजूंनी मान्य केला. घोषणा कितीही खरी असली, तरी पलीकडच्या माणसाचे मन वळविण्याचे काम ती करू शकत नाही. हा धडा क्लॅनने फार महाग विकत घेतला.

दुसरा खर्च याहून कडू आहे, कारण तो घरातलाच आहे. गरोदर स्त्रिया आणि सोळा वर्षांपर्यंतची मुले यांना विनामूल्य वैद्यकीय मदत द्यावी, उत्पन्नाची चौकशी करू नये, अशी माता-बालक योजना ब्राउन यांनी पुढे आणली. डॉक्टरांची संघटना खवळली. कॅथलिक धर्मगुरूंनीही विरोध केला. मंत्रिमंडळ कचरले. आणि ज्यांनी पाठीशी उभे राहावयाचे, त्या मॅकब्राइड यांनीच आपल्या सहकाऱ्याकडे राजीनामा मागितला. एप्रिल १९५१ मध्ये ब्राउन बाहेर पडले आणि त्यांनी सारा पत्रव्यवहार वर्तमानपत्राकडे दिला. ब्राउन हेकट होते, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नव्हते, हे खरे असेल. तरीही पुढाऱ्याने आपल्या सर्वांत कर्तबगार माणसाला एकटे सोडले, या दोषाचे समर्थन आम्ही करणार नाही. मे १९५१ च्या निवडणुकीत क्लॅनच्या दहाच्या दोन जागा उरल्या. ब्राउन मात्र अपक्ष म्हणून निवडून आले. १९६५ साली पक्षच विसर्जित झाला.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? आमचे उत्तर, नाही. क्लॅन पडला, प्रजासत्ताक कोणी मागे घेतले नाही. नंतर आलेल्या डी व्हॅलेरा सरकारने क्षयरोगाविरुद्धची मोहीम मोडली नाही. माता-बालक योजनेचा काही भाग त्याच सरकारला १९५३ च्या कायद्यात घ्यावा लागला. आज त्या देशात प्रसूतिसेवा उत्पन्न न विचारता विनामूल्य मिळते, आणि २०१५ पासून सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला डॉक्टरची भेट विनामूल्य आहे. १९५१ साली ज्या मागणीने एका मंत्र्याचे पद घेतले, तिचा एक अंश चौसष्ट वर्षांनी राज्याचा नियम झाला. ज्या रोग्याला १९५० साली खाट मिळाली आणि जो बरा होऊन घरी गेला, त्याला ती खाट किती जागांच्या पक्षाने दिली, याच्याशी कर्तव्य नव्हते.

म्हणून लहान पक्षाची परीक्षा पुढील निवडणुकीतील जागांवरून करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. संयुक्त सरकारात यशाचे धनी अनेक असतात, अपयशाचा धनी बहुधा लहान भागीदारच ठरतो. मतदाराने हा हिशेब स्वतः तपासावा. सत्तेत जाताना त्यांनी कोणते खाते आणि कोणते काम मागून घेतले? ते काम उभे राहिले काय? ते गेल्यावर ते काम मोडण्याचे धैर्य दुसऱ्या कोणास झाले काय? या कसोटीवर क्लॅनचे दहा सभासद उतरतात. आणि ते जेथे उतरत नाहीत तेथे कारण शत्रूचे बळ एवढेच नव्हते. आपसातील फूटही होती. फुटीची किंमत काय असते, हे या गावातील लोकांना आम्ही नव्याने सांगावे, असे नाही.

सीमाभागाने वेळोवेळी मूठभर माणसे विधिमंडळात पाठविली आहेत. पुन्हा पाठविण्याचा प्रसंग येईल तेव्हा त्यांना जागा किती, हे जरूर मोजा. परंतु जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, की कोणत्या एका कामाला हात घालणार आहात? आणि त्या कामात त्यांचा एखादा माणूस एकटा पडू लागला, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. दहा माणसांना पुष्कळ काही करता येते. एकट्या सोडलेल्या माणसाला मात्र राजीनाम्याखेरीज काही करता येत नाही.