टाळू फुगते तेव्हा

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल भरतात. मेंदूज्वराची एक खूण त्याच हाताला लागू शकते. बाळ रडत नसताना, उभं धरल्यावरही टाळू फुगलेली, ताठ लागते. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, आचके देतं. ताप असेलच असं नाही. नवजात बाळाचं अंग उलट गारही पडतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका.

मुख्य उपचार प्रतिजैविकांचाच. पण सिट्रोबॅक्टरसारखे काही जंतू तान्ह्या मेंदूत गळू करतात, आणि मोठ्या गळवाच्या आत औषध पुरेसं पोचत नाही. मग पू काढावा लागतो. मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर आईवडील हादरतात, हे मी समजू शकतो. पण या वयात टाळू भरलेली नसते. अनेकदा तिच्या कडेनं, सोनोग्राफीत बघत, सुईनं पू ओढून घेता येतो. दाब उतरतो, आणि पुवाच्या तपासणीतून जंतू कळला की औषधही नेमकं देता येतं. पू पुन्हा साठला तर पुन्हा काढतात. शिरेतून औषध मात्र कित्येक आठवडे चालतं.

जंतू मेल्यावरही मेंदूतल्या पाण्याच्या वाटा चिकटून बंद होऊ शकतात, आणि पाणी साठून डोकं वाढू लागतं. युगांडातल्या म्बाले इथे मेंदूचे शल्यचिकित्सक डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी डोक्यात पाणी साठलेल्या ३०० मुलांची नोंद ठेवली. सुमारे ६० टक्के मुलांत मूळ कारण जंतुसंसर्ग होतं. पाणी पोटात उतरवणारी नळी, म्हणजे शंट, त्यांनी आपल्या उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनलेली वापरून पाहिली. २००५च्या सुमारास तिची किंमत सुमारे ३५ डॉलर होती, परदेशी नळीची ६५०. १९५ मुलांच्या तुलनेत वर्षभरात दोन्हींच्या गुणात फरक दिसला नाही. पण कुठलीही नळी तुंबू शकते, आणि दूरच्या खेड्यातलं मूल वेळेत पोचत नाही. म्हणून वॉर्फ यांनी दुर्बिणीनं आतच नवी वाट पाडायची आणि पाणी तयार करणारा पडदा काही प्रमाणात जाळायचा, ही पद्धत तिथे रुजवली.

मेंदूचा जो भाग गेला, तो यातल्या कशानंच परत येत नाही. म्हणून मेंदूज्वरातून घरी आलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर प्रत्येक तपासणीला टेपनं मोजून घ्या आणि वाढीच्या तक्त्यावर मांडायला सांगा. रेघ झपाट्यानं वर चढताना दिसली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.