जेसीबी येण्याआधी जमीन कशी बघायची?

आत्ता हा भाग कसारा लोकलमध्ये ऐकत असाल तर आसनगाव सुटल्यावर जरा खिडकीबाहेर बघा. मागे माहुलीचे सुळके, आणि पुढे बोर्डच बोर्ड. एनए प्लॉट, विकेंड होम, हायवे टच. मुरबाडला माळशेज रोडला लागलात तरी तेच. समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला आणि शहापूरच्या जमिनीला अजूनच भाव आला.

प्लॉट घेताना आपण काय काय तपासतो? सातबारा, फेरफार, टायटल सर्च, झोन दाखला. मातीखाली काय आहे, हे कोणी विचारत नाही. आणि गंमत म्हणजे कायदाही विचारत नाही. १९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१०ला दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. राज्याचा १९६०चा वेगळा कायदा आहे, तोही मुख्यतः यादीतल्या जागांपुरता. पण जी जागा अजून कोणी पाहिलेलीच नाही, ती यादीत येणार कुठून?

आता मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे घ्या. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. जुन्नरहून माल उतरायचा आणि कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. ट्रेकला आपण घाट बघतो, रांजणाजवळ फोटो काढतो आणि परत फिरतो. पण बैलांचा तांडा काय एका दमात कल्याणला पोचत होता? मधे मुक्काम असणार, पाणी असणार, चुली असणार. मुरबाडमध्येच सोनावळ्याला लेणी आहेत, म्हणजे वाटेवर वस्ती होती आणि दान देणारे लोकही होते. त्यांची घरं आज कोणत्या गट नंबरमध्ये आहेत?

हे शोधायचं कसं, ते सांगतो. खर्च फारसा नाही. आधी टेबलावरचं काम: १८८२चं ठाणे गॅझेटिअर, जुने नकाशे, शेतांची स्थानिक नावं. मग चालणं. आपल्याकडे त्याचा उत्तम सीझन म्हणजे शिमग्यानंतर, राब भाजून झाले की. गवत नसतं, माती उघडी असते. चारपाच जणांनी ठरावीक अंतर ठेवून सरळ रेषेत चालायचं, नजर खाली. खापरं, विटांचे तुकडे, गारेच्या छोट्या धारदार कपच्या. दिसेल ते तिथेच ठेवायचं, फोटो आणि जीपीएस घ्यायचं. भातशेतीत चिखलणीमुळे वरचा थर ढवळलेला असतो, तिथे खापरं झिजलेली मिळतात. माळावर जास्त स्पष्ट दिसतं. एखाद्या जागी दाटी दिसली तर तज्ज्ञ परवानगी काढून छोटा चाचणी खड्डा घेतात आणि थर वाचतात. जेसीबीने सपाटीकरण झालं की सगळे थर एकात मिसळतात, मग वाचायला काही उरत नाही.

मुंबईत हे होऊन गेलंय. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात कांदिवली परिसरात अश्मयुगीन हत्यारं गोळा केली. आज तिथे उंच इमारती आहेत. त्याने लिहून ठेवलं म्हणून निदान माहिती तरी आहे.

आता खरी अडचण. शेतकऱ्याला वाटतं, काही सापडलं तर व्यवहार बोंबलला. पोरीचं लग्न, बँकेचं कर्ज, सगळं त्या प्लॉटवर. म्हणून कोरीव दगड निघाला की गपचूप भरावात जातो. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण खापर सापडलं म्हणून दुसऱ्या दिवशी सरकारी बोर्ड लागत नाही. केंद्राला एखादी जागा संरक्षित करायची असेल तर दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. उलट काही लपवलं तर १८७८चा निखात निधी कायदा आहेच. दहा रुपयांवरची पुरलेली वस्तू सापडली की कलेक्टरला कळवावी लागते.

मला विचाराल तर हा खर्च शेतकऱ्यावर टाकूच नये, प्लॉट पाडणाऱ्याने करावा. इंग्लंडमध्ये १९९०पासून साधारण तसंच चालतं. लंडनला ब्लूमबर्गच्या ऑफिसखाली आधी उत्खनन झालं, चारशेहून जास्त रोमन लाकडी पाट्या मिळाल्या. इमारत झालीच, आणि तळघरात रोमन मंदिर बघायला लोक येतात. आपल्याकडेही नागार्जुनसागर धरणाआधी १९५४ ते १९६० नागार्जुनकोंड्याचं उत्खनन झालंच होतं. धरणासाठी जमतं, मग शंभर एकरांच्या टाउनशिपसाठी का नाही?

आणि गावातला तो शेंदूर फासलेला गाढवाचा दगड माहीत आहे ना? गधेगळ! शिलाहार काळात जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. दान मोडणाऱ्याला वर अगदी अश्लील शाप. थोडक्यात तेव्हाचा सातबारा. भिवंडीजवळच्या चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१चा लेख मिळाला. असा दगड रस्त्याच्या कामात हलवून देवळात नेऊन ठेवला की दगड वाचतो, पण तो नेमक्या कुठल्या जमिनीबद्दल बोलत होता ते हरवतं. म्हणून तुमच्या गावात काम निघालं असेल तर दगड हलवायच्या आधी, आजूबाजूची झाडं आणि बांध दिसतील असा फोटो काढा, लोकेशन ऑन ठेवून. शेंदूर खरवडू नका, खडूने अक्षरं गिरवू नका. फोटो तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी अर्जासोबत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.