छापाची फिल्म आणि पावसाळी हवा

भाद्रपदांत गणेशोत्सव येतो, आणि त्याच्या आधींचा महिना-दीड महिना टी-शर्टवर छाप उठवून देणाऱ्या लहान दुकानदाराला मान वर करण्याचीही फुरसत नसते. ढोल-ताशा पथकें, मंडळाचे कार्यकर्ते, चाळींतील मुलें, सर्वांनाच आपलें नांव आणि चिन्ह छापलेले टी-शर्ट हवे असतात. परंतु धंद्याच्या सुगीचा हा काळ म्हणजेच कोंकण-मुंबईकडील हवेच्या दमटपणाचा काळ होय. आणि ज्या फिल्मवर हा धंदा चालतो, तिला ओलाव्यासारखा दुसरा वैरी नाहीं. ही फिल्म हाताळावी कशी आणि जपावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'डीटीएफ' या नांवानें जी पद्धत प्रचलित आहे, तींत कापडावर थेट छपाई होत नाहीं. पारदर्शक फिल्मच्या लेप दिलेल्या बाजूवर चित्र उलटें छापतात. आधीं रंगीत शाई, तिच्यावर पांढरी. शाई ओली असतांनाच तिच्यावर गोंदाची बारीक पावडर पसरतात, जास्तीची झटकून टाकतात आणि उरलेली उष्णतेनें वितळवितात. अशी फिल्म कापडावर ठेवून हीट प्रेसखालीं सामान्यतः १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णतेंत दहा-पंधरा सेकंद दाबली, कीं चित्र कापडाला धरतें आणि फिल्म सोलून निघते.

ही फिल्म पीईटी नांवाच्या प्लास्टिकची असते. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनीं तें शोधून काढलें. दोघेही 'कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन' या कापड छापणाऱ्या कंपनीच्या नोकरींत होते. कापड छापणाऱ्यांच्या पदरीं जन्मलेलें हें प्लास्टिक आठ दशकांनीं पुन्हां कापडछपाईच्याच कामीं यावें, हा योगायोग मौजेचा खरा.

पीईटी स्वतः पाणी फारसें शोषीत नाहीं. नाजूक असतो तो तिच्यावरील लेप. लेपानें ओलावा धरला कीं शाई पसरते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. दमट पावडरीच्या गुठळ्या होतात. कोऱ्या जागीं चिकटलेली पावडर झटकून जात नाहीं आणि पुढें कापडावर ठिपके उमटतात. याच्या उलट, वैशाखांतील विदर्भासारख्या अति कोरड्या हवेंत फिल्मवर स्थिर वीज सांचते आणि पावडर व धूळ भलत्याच जागीं ओढली जाते. म्हणून हवेची आर्द्रता ४० ते ६० टक्के आणि उष्णता २० ते २५ अंश असावी, हा मध्यम मार्ग उत्तम.

प्रत्येक दुकानांत वातानुकूलन कोठून असणार? परंतु वैशाखांत वाळविलेले पापड घट्ट डब्यांत भरून ठेवणारी गृहिणी जें जाणते, तेंच येथें पुरेसें आहे. कोरी फिल्म आणि पावडर घट्ट झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुडीचा रंग पालटला कीं ती बदलावी. डबा जमिनीवर न ठेवतां फळीवर, ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा. थंड खोलींतील पाकीट दमट हवेंत आणून लगेच फोडूं नये, कारण फिल्मवर दंव धरतें; तें आधीं कांहीं तास तसेंच राहूं द्यावें. पाकिटावर खरेदीची तारीख लिहावी आणि जुनें आधीं वापरावें.

फिल्म नेहमीं कडेला धरावी, शक्य तर सुती हातमोजे घालून. घामाचा आणि तेलाचा ठसा डोळ्यांना दिसला नाहीं, तरी छपाईंत दिसतो. लेपाची बाजू ओळखतां न आल्यास किंचित् ओलें बोट एका कोपऱ्याला लावावें. तें चिकटतें ती लेपाची बाजू.

छापून तयार झालेली फिल्म पूर्ण निवाल्याशिवाय एकावर एक रचूं नये. मध्यें बटर पेपर घालून ती सपाट ठेवावी. कांहीं दिवसांनीं तिच्यावर तेलकट थेंब दिसल्यास शाईंतील द्रव पुरता उडालेला नाहीं, असें समजावें. अशी फिल्म तापलेल्या प्रेसखालीं, न दाबतां, कांहीं सेकंद धरून सुकवावी.

एवढी दगदग कशासाठीं? कारण या धंद्यांतील पुष्कळसा दोष दुकानांत दिसत नाहीं. टी-शर्ट नवा असतांना छाप झळकतो. दोन-तीन धुण्यांनंतर कडा सुटूं लागतात, आणि तोंवर पैसे चुकते झालेले असतात. मंडळाचा टी-शर्ट तर विसर्जनाच्या मिरवणुकींत, पावसाच्या सरींतच पहिल्यांदा भिजण्याचा संभव फार. चोवीस तासांच्या आंत धुऊं नका आणि धुतांना उलटा करा, एवढें गिऱ्हाइकाला सांगणें दुकानदाराच्या हातीं आहे. पाऊस त्याच्या हातीं नाहीं. पाऊस पडूं लागल्यावर सिलिका जेल शोधीत फिरणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. ज्यानें ज्येष्ठांतच घट्ट डबा आणून ठेवला, त्याच्याकडे तेंच मंडळ पुढल्या वर्षींही येण्याची आशा अधिक.