छिद्राची जागा आणि स्केचमधील भूमिती



पंप आणि विद्युत मोटर एकाच बेस प्लेटवर जोडण्याचे काम लहान कारखान्यांतून नेहमी चालते. प्लेटला चार छिद्रे पाडून आटे दिलेले असतात. मोटर उचलून त्यांवर ठेवली जाते, तीन बोल्ट बसतात आणि चौथा बसत नाही. मग फिटर कानस हाती घेऊन मोटरच्या पायाचे भोक लांबट करू लागतो. ठपका बहुधा ड्रिलिंग करणाऱ्या कारागिरावर येतो. प्रत्यक्षात चूक पुष्कळदा त्याच्याही आधी, संगणकावर आरेखन करणाऱ्याच्या हातून झालेली असते.

संगणकावर छिद्र पाडणे हे अतिशय सोपे काम आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. माउसची कळ दाबताच प्लेटवर छिद्र उमटते. त्याची जागा नजरेने ठरलेली असते. ती बरोबर दिसते, कारण पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवतच नाही. मार्किंग करणारा जुना कारागीर असे कधी करीत नसे. नग सरफेस प्लेटवर ठेवून तो हाइट गेजने रेघा ओढी, आणि त्या जेथे एकमेकींना छेदत तेथेच सेंटर पंचाचा ठोका मारी. आधी रेघ, नंतर ठोका, शेवटी ड्रिल, हा त्याचा क्रम. संगणकातील स्केच ही त्या रेघेची जागा घेते.

रेषांना परस्परसंबंधांची बंधने घालावीत आणि ती पाळण्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आपल्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधात प्रत्यक्षात आणून दाखविली. आज सॉलिडवर्क्समध्ये छिद्रांच्या जागा स्केचमधील बिंदूंनी दाखवितात. फ्रीकॅडचे छिद्राचे साधन स्केचमधील वर्तुळाचे केंद्र घेते. त्या वर्तुळाचा व्यास मात्र ते विचारात घेत नाही, छिद्राचा आकार वेगळा सांगावा लागतो. नवशिक्याला हे विचित्र वाटते, पण त्यात शिस्त आहे. जागा हा एक प्रश्न आणि आकार हा दुसरा.

आता उदाहरण पाहू. आंतरराष्ट्रीय मानकातील ९० एल चौकटीच्या मोटरची पायांची छिद्रे आडव्या दिशेने १४० मिलिमीटर आणि शाफ्टच्या दिशेने १२५ मिलिमीटर अंतरावर असतात. शाफ्टच्या खांद्यापासून पहिली ओळ ५६ मिलिमीटरवर येते, आणि खांद्यापुढे शाफ्ट ५० मिलिमीटर निघतो. प्रथम शाफ्टच्या अक्षाची साहाय्यक रेषा काढावी. पंपाचा आणि मोटरचा अक्ष एकच असल्याने स्केचचा कणा हाच. नंतर साहाय्यक रेषांचा एक आयत काढावा आणि त्याचे चार कोपरे हीच छिद्रांची केंद्रे मानावीत. चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन दिशांनी, म्हणजे एकूण आठ प्रकारे, सरकता येते. बाजू आडव्या-उभ्या ठेवणारी चार बंधने, अक्षाभोवती सममितीचे एक आणि १४०, १२५ व ५६ ही तीन मापे मिळून आठही वाटा बंद होतात. खांद्याची रेषा पंपाच्या शाफ्टच्या टोकावरून ठरते: कपलिंगसाठी दोन टोकांत ३ मिलिमीटर अंतर ठेवल्यास पहिली ओळ त्या टोकापासून ३, ५० आणि ५६ मिळून १०९ मिलिमीटरवर पडते. हिशेब पुरा झाला की सॉलिडवर्क्समध्ये निळ्या रेषा काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवे होते. रंग बदलेपर्यंत छिद्राच्या साधनाला हात लावू नये.

परंतु रंग बदलला म्हणजे स्केच योग्यच झाले, असे नाही. हीच मापे प्लेटच्या कडेपासून दिली तरी रेषा काळ्या होतीलच. गॅसने कापलेल्या प्लेटची कड सरळ असते असे कोणता कारागीर म्हणेल? कड दोन मिलिमीटर आत गेली तर तिच्यावरून मोजलेली छिद्रेही तेवढीच सरकतात, आणि मोटरचा अक्ष पंपाच्या अक्षापासून ढळतो. शिवाय पुढे कोणी त्या कडेला गोलाई दिली की स्केचचा आधारच नाहीसा होण्याचा संभव असतो. फ्रीकॅडमध्ये अशा बदलांनी आधार चुकण्याची तक्रार फार जुनी होती. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीत ती बरीच कमी झाली. तरीही कडेऐवजी अक्षाचा आधार घेणे केव्हाही श्रेयस्कर.

या काटेकोरपणाची गरज फिटरला सर्वांत अधिक असते. या मोटरच्या पायाचे भोक १० मिलिमीटरचे आणि बोल्ट ८ मिलिमीटरचा. बोल्ट भोकाच्या मध्यावर असेल तर भोवती सर्व बाजूंनी १ मिलिमीटर मोकळीक उरते. ही मोकळीक कपलिंग एका रेषेत आणताना मोटर इकडेतिकडे सरकविता यावी म्हणून आहे. आरेखकाने छिद्र ०.७ मिलिमीटरने चुकविले, तर त्या दिशेला केवळ ०.३ उरते. ते पुरले नाही की कानस बाहेर निघते, किंवा मोटर तशीच वाकडी चालते आणि बेअरिंग लवकर जातात.

काम हातावेगळे करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. गिऱ्हाइकाने १०० एल चौकटीची मोटर मागितली असे धरून चालावे. १४० चे १६०, १२५ चे १४०, ५६ चे ६३ आणि शाफ्टच्या ५० चे ६० करावे. पहिली ओळ आपोआप १२६ मिलिमीटरवर गेली पाहिजे, चारही छिद्रे अक्षाभोवती सममित राहिली पाहिजेत आणि पंपाकडील छिद्रे जागची हलता कामा नयेत. बोल्ट १० मिलिमीटरचा होतो, म्हणून आट्यांसाठी ६.८ ऐवजी ८.५ मिलिमीटरचे ड्रिल लागेल. तो बदल छिद्राच्या साधनात करावयाचा. शाफ्टची उंचीही १० मिलिमीटरने वाढते, त्यासाठी पंपाखालच्या पॅकिंगचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. एखादे छिद्र मागे राहिले, तर त्याचे बंधन कोठे सुटले आहे ते स्केच उघडून शोधावे, आणि मगच नकाशा ड्रिलिंग मशीनकडे पाठवावा.