संगणक गप्प झाला तर



ओझरच्या विमान कारखान्यात
आधी तपासणी, मग उड्डाण.

संगणकही तपासावा लागतो.
पण डोळ्यांनी दिसत नसेल, तर?

एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर
पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं.
मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं
2006 साली ते सुरू केलं.
ते मोफत आहे.

विंडोजमधली मेमरीची तपासणी सुरू केली,
की संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो.
मग एनव्हीडीएचा आवाज नाही.
घाबरू नका.
मधेच बटण दाबू नका.

निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये,
सिस्टिमच्या नोंदींत मिळतो.

पुन्हा सांगते.
तपासणी चालू असताना काहीच ऐकू येणार नाही.
निकाल मात्र ऐकता येतो.

आणि संगणक सुरूच झाला नाही, तर?
आतून येणारे बीप मोजा.
दुरुस्ती करणाऱ्याला तेवढंच सांगा.

काही नव्या संगणकांत हा बीपही नसतो.
हे काही मला पटत नाही!