बाजाराचे बिनपगारी गडी

(मासवण येथील साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मला सांगितले होते, सोपे बोला. मला अवघड बोलता येतच नाही. मी बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षे पाळी केली. नोकरी संपली, तेव्हा घरात बसवेना. म्हणून एका बाजाराचे काम अंगावर घेतले. पगार नाही. सकाळचा चहा तेवढा मिळतो.

हा बाजार कसला? ज्याने पिकवले, ज्याने रानातून आणले, त्यानेच विकायचे. मध्ये दलाल नाही. आमचे मंडळही त्यात नफा घेत नाही. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने भाजीपाला आणि फळे बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली. मग राज्याच्या पणन मंडळाने शहरांतून शेतकरी आठवडे बाजार वाढवले. २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवते. चांगले आहे. पण महोत्सव वर्षातून एकदा, पोट रोजचे. म्हणून आम्ही पावसाळ्यात दर रविवारी बसतो.

जून महिना कसा असतो, ते तुम्हाला मी काय सांगू? कणगी तळाला लागलेली असते. बियाणे घ्यायचे असते. पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात. लावणीची मजुरी अजून लांब असते. नेमकी तेव्हाच रानात शेवळे उगवतात. मग कर्टोली, टाकळा, भारंगी, बांबूचे कोंब. हा पैसा अडीनडीचा.

आता हिशेब करू. समजा, एका बाईजवळ शेवळांच्या ४० जुड्या आहेत. दारावर आलेला व्यापारी १० रुपयांनी घेतो. ४०० रुपये झाले. बोईसरला तीच जुडी २५ ला जाते. सहा जुड्या उरल्या असे धरा. ३४ जुड्यांचे ८५० रुपये. गाडीभाडे ६० आणि जागेची वर्गणी २० वजा केली, तर ७७० उरले. म्हणजे ३७० रुपये जास्त. बरे वाटते ना? मलाही वाटले होते.

तेव्हा इथलीच एक आजी म्हणाली, "भाऊ, माझा रोज मोडला तो कुठं धरला?"

मी गप्प झालो. तिचे खरे होते. रोज धरला तर हातात काय राहते? मग तिनेच तोड काढली. दहा घरच्या पाट्या एकत्र करायच्या आणि बाजारात दोघींनीच जायचे. दर रविवारी पाळी बदलायची. ओझे उचलायला, काटा मांडायला, झाडलोट करायला आम्ही बिनपगारी गडी आहोतच.

काट्याचे एक सांगून ठेवतो. काट्यावर सरकारी शिक्का असतो. त्याची मुदत संपली, की काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. काटा आपला असो की व्यापाऱ्याचा, आधी शिक्का बघा आणि मग आकडा वाचा.

पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. बोईसरला कारखान्यामुळे दूरदूरची माणसे राहतात. त्यांनी शेवळे कधी पाहिलेली नसतात. मी मोठ्या उत्साहाने हाका मारल्या, "घ्या, रानातली ताजी भाजी घ्या!" जुड्या संपल्या. पण शेवळांबरोबर काकडे लागतात, हे सांगायचे मी विसरलो. शेवळांत डोळ्यांना न दिसणारे, सुईसारखे टोकदार खडे असतात. ते घशाला टोचतात. काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. हे तुमच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. त्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार? पुढच्या रविवारी लोक घसा धरून भांडायला आले. त्या दिवशी एक जुडी खपली नाही. चूक माझी, पण रिकाम्या हाताने परतल्या त्या दहा घरच्या बाया.

तिसऱ्या रविवारी आजीने स्टोव्ह आणि पातेले आणले. शेवळे सोलली, आतला पिवळा भाग टाकला, काकडे घातली आणि तिथेच भाजी शिजवली. आधी स्वतः खाल्ली, मग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. तेव्हापासून शेवळांच्या प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडे देतो. बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने दुसरीकडचे जांभूळ विकता येत नाही. शेवळांना असा कागद नाही. त्यांची ओळख विकणाऱ्या बाईच्या तोंडूनच होणार.

दुसरी गोष्ट वहीची. दहा घरचा माल म्हणजे दहा घरचा हिशेब. तो मी लिहीत होतो. एक दिवस एक बाई सर्वांदेखत म्हणाली, "तुमच्या वहीत आमचं काय लिहिलंय, ते आम्हाला कसं कळावं?" मला राग आला. फुकट काम करतो आणि वर हे ऐकायचे! दोन दिवस राग धरून बसलो. पण विचार केला, कारखान्यात पगाराची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी कधी सही केली होती का?

पुढच्या बाजाराला वही तिच्यापुढे ठेवली. तिला तेव्हा आकडेच येत होते. ती घरांसाठी खुणा काढी. कुणाला फूल, कुणाला पाटी, कुणाला कोंबडा. खुणेपुढे जुड्या, जुड्यांपुढे रुपये. या वर्गात आल्यावर कोंबड्याच्या जागी नाव आले. ती आज इथे मागच्या ओळीत बसली आहे. हसते आहे बघा.

तिची एकटीची ओढाताण होते. माल उतरवायला हात पुष्कळ आहेत, वही धरायला कमी आहेत. येत्या रविवारी मला आणखी दोन माणसे हवी आहेत. बाई चालेल, बाप्या चालेल. गाडी पहाटे पाचला मासवणच्या नाक्यावर येईल. पेन मी आणीन. छत्री तुमची तुम्ही आणा.